म्हाळूच्या सात गाठी

“माझ्या गाडीपशी हसा, रडा, शिव्या द्या, पर बिडी काढली तर मी सख्ख्या सासूलाबी वळखत न्हाई,” असं म्हाळू एकदा लातूरच्या टेसनावर म्हणाला, आणि तिथले गाडीवान पोट धरून हसले. त्याची सासू भामाबाई खरोखरच बिड्या ओढायची, आणि खरं तर जावयाला ओळख दाखवत नसे ती तीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाळूबद्दल सगळ्यांना सगळंच ठाऊक असायचं, कारण ते त्यानं स्वतःच सांगितलेलं असायचं. त्यातलं निम्मं खोटं असायचं.

म्हाळू घाटनांदूरच्या बाजूचा धनगर. उंच, हडकुळा, आणि चालताना असा पुढे झुकलेला, की वाटावं पाय पोचायच्या आधी गोष्ट पोचली पाहिजे. त्याच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या मेंढरं वळली. म्हाळूनं दोन वर्षं वळली. तिसऱ्या वर्षी आपल्या आज्यानं लांडग्याला कुस्तीत कसं चीत केलं ते एका वाटसरूला सांगत बसला, आणि दोनशे मेंढरं पाटलाच्या ज्वारीत शिरून तृप्त होऊन बाहेर आली. मग तो तेलाच्या घाण्यावर राहिला. तिथं गोष्टीच्या भरात त्यानं बैल उलटा जुंपला. मग शेताची राखण धरली. भुईमूग चोरायला आलेल्या दोघांना त्यानं माळ्यावर बोलावून अशी एक हकीकत ऐकवली, की ते उजाडेपर्यंत हलले नाहीत. उजाडल्यावर भुईमूग घेऊनच गेले, पण जाताना रामराम करून गेले.

खोटं बोलताना त्याची डावी भुवई आपोआप वर चढायची. ही खूण एकट्या कडूबाईला, त्याच्या बायकोला माहीत होती. ती कुणाला सांगत नसे. भर सभेत नवऱ्याची भुवई चढली, की ती पदर तोंडाशी धरून हसू दाबायची. आठ वर्षं तिनं असं हसू दाबलं. मग एका बाजाराच्या दिवशी म्हाळूनं जमलेल्या माणसांना सांगितलं, की आमच्या कडूनं केरसुणीनं वाघ हाकलला. दुसऱ्या दिवशी तीन गावांची माणसं ती केरसुणी बघायला आली. तिसऱ्या दिवशी एकजण आजारी म्हैस घेऊन आला आणि म्हणाला, जरा हिच्यावरून केरसुणी उतरवा. कडूबाईनं म्हशीवरून केरसुणी उतरवली, माणसाला वाटेला लावलं, आणि गाठोडं बांधलं.

“काहून चालली गं?” म्हाळूनं विचारलं.

“तुमचं तोंड हाय का गावाची येस? कवाबी उघडं. ज्या दिशी तोंड न उघडता एक गोष्ट पार पाडचाल, त्या दिशी हेच गाठोडं घिऊन येते.”

आणि ती कवठवाडीला आईकडं, भामाबाईकडं निघून गेली. म्हाळूनं ही हकीकतही बाजारात सांगितली. भुवई जागची हलली नाही, पण ते बघायला कडूबाई तिथं नव्हती.

त्याच सुमाराला निजाम सरकारच्या मुलखात परळीकडं जाणारा रूळ घाटनांदूरच्या डोंगरापर्यंत येऊन अडला. डोंगर काळ्या दगडाचा. पहारीनं त्याला ओरखडासुद्धा उठेना. तेव्हा सुरुंग लावायचं ठरलं. सुरुंगाची बारूद लातूरच्या टेसनावर उतरायची आणि तिथून घाटनांदूरपर्यंत बैलगाडीनं तीन दिवसांची वाट. हे काम कुणी घेईना. म्हाळूनं घेतलं. त्याच्याकडं सोडायला दुसरं कामच उरलं नव्हतं.

घाटनांदूरच्या छावणीतल्या बारूदखान्याचा दारोगा वाहिदअली नावाचा होता. बारीक, नीटनेटका, आणि डाव्या हाताला तीनच बोटं. नव्या गाडीवानाला तो आधी तो हात दाखवायचा, मग नियम सांगायचा.

“दो उंगल्यां उधर तेलंगाने के पहाड़ में हैं,” तो म्हणाला. “मैं इधर हूं. सुन म्हाळू, बारूद कू कान नहीं रहते. तेरी कहान्यां वो नहीं सुनती.”

नियम सात होते. छापील कागदावर उर्दूत होते, आणि म्हाळूला कुठल्याच लिपीतलं अक्षर येत नव्हतं. पण धनगराला कागद लागत नाही. कोणती मेंढी कधी व्यायची, हे त्याचा बाप कमरेच्या लोकरीच्या दोरीला गाठी मारून लक्षात ठेवायचा. म्हाळूनं तशी एक काळी दोरी घेतली आणि दारोगा एकेक नियम सांगेल तशी एकेक गाठ मारली. आगीची गाठ सगळ्यांत मोठी: गाडीच्या पन्नास पावलांत विस्तव नाही, बिडी नाही, चिलीम नाही, आणि चकमक निघतानाच दारोग्याकडं जमा. मग लोखंडाची. पेट्यांजवळ लोखंड नाही, साखळीच्या जागी दोर, नाल ठोकलेल्या वहाणा काढून अनवाणी चालायचं, कारण दगडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते. गाडीवर बसायचं नाही. बैलांपुढं कासरा धरून चालायचं, पळवायचं नाही. चौथी गाठ लाल निशाणाची, ते लांबून दिसेल असं उंच. पाचवी, गावात थांबायचं नाही. सहावीला म्हाळूनं दुहेरी पीळ दिला. बारूद आणि ती पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या एका गाडीत कधीच नाहीत. टोप्यांची गाडी शंभर पावलं मागं.

“और सातवां,” दारोगा म्हणाला, “रस्ते में कोई बी पूछे, पेटी में क्या है, तो सच बोलना. छुपाना नक्को. आदमी कू मालूम रहा तो दूर रहता.”

म्हाळूनं सातवी गाठ मारली. ती त्याला जमेना. दोनदा सुटली.

त्याच्या गळ्यात पितळेचा बिल्ला आला. बारा खेपा विनाचूक झाल्या, की तो बिल्ला कायमचा आणि रूळ परळीला पोचेपर्यंत काम पक्कं, असं ठरलं. गंमत अशी, की म्हाळू बदलला. पन्नास खोक्यांएवढी झोपलेली गर्जना पाठीमागून येत असेल, तर माणूस आपोआप हलक्या पावलांनी चालतो. चंद्या आणि कोसा हे त्याचे बैलसुद्धा हळू शेपटी हलवू लागले. वाटेत बोलायला कुणी नाही. जवळ येऊ द्यायचं नाही. मागच्या गाडीचा गाडीवान सिदू, तोही शंभर पावलांवर. दोघांत काही बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून गोष्ट सांगता येत नाही.

अडचण सातव्या गाठीची होती. म्हाळू नेमानं खरं सांगायचा, आणि कुणी विश्वास ठेवायचं नाही.

“काय नेतोस रे म्हाळू?”

“बारूद हाय, बाबा. लांब व्हा.”

“अन् मागल्या साली वाघाची पिल्लं हुती. निघाले कांदे.”

“देवाच्यान् बारूद हाय!”

“बरं बरं, कांद्याची बारूद.” असं म्हणून माणूस खुशाल चिलीम काढायचा, आणि म्हाळू त्याला हात जोडत, शेवटी दगड दाखवत पन्नास पावलं मागं रेटायचा. आयुष्यभर त्यानं फुकट वाटलेलं खोटं आता एकेका गावाच्या शिवेवर त्याची वाट बघत उभं होतं.

तरी अकरा खेपा बिनबोभाट झाल्या. बारावी खेप आली ती घटस्थापनेच्या दिवशी, कवठवाडीवरून.

एरवी तो कवठवाडीच्या बाहेरून जायचा. बाहेरच्या वाटेवर एक ओढा होता, आणि त्या आठवड्यात ओढ्यानं वाटच नेली. आता रस्ता एकच, गावाच्या वेशीला लागून. न थांबता गेलं तर नियमाला धक्का नव्हता. सकाळी नऊच्या सुमाराला म्हाळू वेशीकडं वळला. अंगात धुतलेला सदरा, कारण बारावी खेप. पाय अनवाणी. तोंड बंद, कारण सासुरवाडी. पुढं कासरा धरून वाकलेला तो, मागं संथ चालणारे बैल, गाडीत गवताच्या गादीवर ठेवून कातडं पांघरलेल्या पेट्या, आणि वर फडफडणारं लाल निशाण.

त्या सकाळी कवठवाडी देवीची वाट बघत होती. गावच्या देवीच्या जुन्या मुखवट्याला झिजून नाकडोळे राहिले नव्हते, म्हणून लातूरच्या तांबटाकडं नवा करायला टाकला होता. तो आणायला शहादेव नावाचा माणूस गेला होता आणि त्याला घटस्थापनेच्या सकाळी पोचायचं होतं. देवी गाडीतून येणार असं कुणी म्हणालं नव्हतं. पण ती शहादेवच्या काखोटीला येणार असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

झाडावर चढलेल्या एकाला लाल निशाण दिसलं. तो ओरडला, “आली! आई आली!”

हलगी कडाडली. सगळं गाव वेशीत आलं. बाया ताटांत निरांजनं घेऊन, पुरुष कापराचे गड्डे घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढं देवीचा आराधी हातात पेटलेला पोत नाचवत. पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या कापडाची वेणी. तिची ज्वाळा वारा लागला की हातभर लांब जाते. त्या दिवशी वारा छान होता.

म्हाळूनं ती ज्वाळा बघितली आणि त्याला जे वाटलं, ते पुढं त्यानं कधीही, कुणालाही, कोणत्याही बाजारात सांगितलं नाही.

“लांब!” तो ओरडला. “लांब व्हा! बारूद हाय गाडीत! बारूद!”

क्षणभर हलगी थांबली. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “अगं बया, ह्यो तर भामाबाईचा जावई!” आणि सगळं गाव हसलं. गावचा म्हातारा पाटील तात्याबा पुढं आला. त्याच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेटलेली चिलीम.

“म्हाळबा, लेका, देवी आनलीस, लई चांगलं केलंस. आता थट्टा पुरं. हो बाजूला, आईला ओवाळू दे.”

“तात्याबा, पाया पडतो. देवी न्हाई. बारूद हाय.”

“व्हय व्हय. अन् केरसुनीनं वाघ हाकलत्यात.”

दोन म्हातारे बैलांपुढं आडवे झाले. चंद्या आणि कोसा थांबले. पाचवी गाठ गेली. आराधी वीस पावलांवर, ताटं पंधरा पावलांवर, कापूर हातात तयार. मागून सिदू ओरडत होता, “म्हाळू, काय झालं बे?” त्याच्या गाडीत टोप्या होत्या, म्हणून तो पुढं येऊ शकत नव्हता. आणि त्याच्याही मागून, मुखवट्याची पिशवी काखेत घेतलेला शहादेव घामाघूम होऊन पोचला होता आणि तोही ओरडत होता, “अरे देवी माझ्यापशी हाय! देवी हितं हाय!” त्याच्या तोंडात बिडी होती. सिदूनं त्याला आधी बिडीसाठी थोपवलं, मग देवीसाठी, कारण ती लोखंडाची आहे का हे त्याला ठाऊक नव्हतं. शहादेव रडकुंडीला आला. पुढं गावाला दोघांचंही ऐकू जात नव्हतं.

म्हाळूनं आयुष्यात हजार गोष्टी खोट्या सांगितल्या होत्या आणि लोकांनी त्यांतल्या निम्म्यांवर विश्वास ठेवला होता. आता एक खरी होती आणि तिला ह्या जगात जागा नव्हती. त्याचा हात कमरेच्या दोरीवर गेला. बोटाखाली पहिली, मोठी गाठ आली. आणि त्यानं मुंडासं भिरकावलं, डोळे पांढरे केले, आणि गाडीपुढं असा थरथरायला लागला, की बैल आश्चर्यानं बघू लागले.

“हूंऽऽऽ!”

हलगी पुन्हा थांबली.

“आलं! वारं आलं अंगात!” बाया कुजबुजल्या.

“इस्तू!” म्हाळू गरजला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “माझ्याम्होरं इस्तू आनला! कुनी आनला?”

आराध्याच्या हातातला पोत खाली आला. “आई, ही तर तुझीच...”

“इझीव! मातीत घाल! पान्यात घाल! औंदा मला इस्तू न्हाई पायजे!”

पोत शेजारच्या हौदात गेला आणि फुस्स झाला. म्हाळूला इतका आनंद झाला, की त्याच्या थरथरण्यात नाच मिसळला. जन्मात पहिल्यांदाच एवढा मोठा जमाव त्याचा प्रत्येक शब्द झेलत होता. त्याची बोटं दोरीवर पुढं सरकली.

“मागं व्हा! पन्नास पावलं मागं!”

गाव मागं हटलं. मग घोळ सुरू झाला. तात्याबा साडेसहा फुटी माणूस, भामाबाई हातभर.

“आई,” तात्याबा अदबीनं म्हणाला, “पावलं कुनाची धरायची? माझी का भामाबाईची?”

देवीनं विचार केला. “तुझी!”

“मी पाठीमागं कशी जाऊ एवढी?” भामाबाई करवादली, पण गेली.

“बिडी न्हाई! चिलीम न्हाई! कापूर न्हाई!”

तात्याबानं चिलीम उलटी करून पायानं मातीत घोटली, पायाला चटका बसला, तो गिळला. मग पन्नास पावलांवरून त्यानं विचारलं, “आई, तपकीर चालंल का?”

सातांपैकी कोणत्याही गाठीत तपकीर नव्हती. “चालंल,” देवी म्हणाली, आणि गावातून सुटकेचा एक मोठा सुस्कारा निघाला.

“लोखंड लांब न्या! वहाना काढा! पेटीला हात न्हाई लावायचा, पेटी आपटायची न्हाई, पेटीवर बसायचं न्हाई!”

“न्हाई बसत, आई!”

“आन् म्या जाईन तवा आडवं न्हाई यायचं!”

आडवे पडलेले दोन म्हातारे लोळतच बाजूला गेले. सगळं गाव ओळीनं उभं, हात जोडून, अनवाणी, विस्तव विझवून. दारोगा वाहिदअलीनं हे दृश्य बघितलं असतं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

एकच बाई मागं हटली नव्हती. कडूबाई. तिच्या ताटात निरांजन जळत होतं आणि ती थेट त्याच्याकडं चालत येत होती. दहा पावलं. आठ. सहा.

“कडू,” तो दातांतून म्हणाला, “लांब व्हय.”

“लाज वाटती का?” ती तितक्याच हळू म्हणाली. “बाजारात माझी केरसुनी केली. आता सासुरवाडीला येऊन देवीचा तमाशा? लोकं येडी हायती, मी न्हाई. तुमच्या अंगात कवा काय आलंय?”

ज्वाळा स्थिर होती. तुपातलं निरांजन, वाऱ्यात हाताचा आडोसा धरून आणलेलं. गाडीच्या पुढच्या पेटीपासून पाच हात.

म्हाळूचं थरथरणं थांबलं. तिला सांगायला त्याच्याकडं एकही खोटं उरलं नव्हतं. बोटं दोरीच्या टोकाला गेली, जिथं ती सातवी, दोनदा सुटलेली गाठ होती.

“कडू,” तो म्हणाला, “खरंच बारूद हाय.”

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. घाम नाकावरून ओठांवर येत होता. घाम नाटकातही येतो. पण डावी भुवई जागच्या जागी होती. आठ वर्षांत तिनं ती भुवई अशी गप्प बसलेली कधी बघितली नव्हती.

दिवा तोंडानं फुंकत नाहीत. आमच्याकडं विझवला असं म्हणतसुद्धा नाहीत, निरोप दिला म्हणतात. पदराच्या वाऱ्यानं, फुलानं, दुधाच्या थेंबानं, पण फुंकर घालून कधीच नाही. आणि घटस्थापनेच्या दिवशी, देवीपुढं, उभ्या गावासमोर तर मुळीच नाही. कडूबाईनं ताट तोंडाजवळ नेलं आणि फुंकर मारली.

भामाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी म्हणालं, “फुकला! तोंडानं फुकला!”

“बरोबर केलं!” म्हाळू असा गरजला, की कोसा दचकला. “माझ्या लेकीनं बरोबर केलं! तिला कुनी बोल लावंल, तर त्याच्या घरी म्या कवा येनार न्हाई!”

“न्हाई लावत, आई!” गाव घाबरून म्हणालं. वाट मोकळी झाली होती. म्हाळूनं कासरा उचलला. तेवढ्यात तात्याबाला राहवलं नाही.

“आई, थांबत न्हाईस तर मग जातीस कुठं?”

“घाटनांदूरला.”

“तिथं काय काम काढलंस?”

म्हाळूनं मागं वळून बघितलं. “डोंगर फोडायचाय,” देवी म्हणाली. भुवई ह्या वेळीही हलली नाही.

गाडी गेली. शंभर पावलांवरून सिदूची गाडी गेली. मग शहादेव आला, खराखुरा मुखवटा घेऊन, आणि गावानं त्याला पन्नास पावलांवर थांबवून आधी वहाणा काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटनांदूरच्या बाजूनं धडाम् आवाज आला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. कवठवाडीनं कामं थांबवून तिकडं हात जोडले.

इथं हे मिटलं असतं. पण कवठवाडी उपकार विसरणारी नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तात्याबा वीस-पंचवीस माणसं घेऊन डोंगर फोडणाऱ्या देवीला नारळ द्यायला रुळाच्या छावणीवर निघाला. भामाबाई निघाली. कडूबाई निघाली, आणि तिच्या काखेत गाठोडं होतं.

“गाठुडं कशाला गं?” भामाबाईनं विचारलं.

“असू दे,” कडूबाई म्हणाली.

दारोगा वाहिदअली बारूदखान्याबाहेर खुर्चीवर बसला होता. त्यानं बघितलं ते असं: एक साडेसहा फुटी म्हातारा दोरीच्या कुंपणापासून पावलं मोजत मागं गेला, पन्नासावर रेघ ओढली, आणि पंचवीस माणसांनी रेघेवर वहाणा काढल्या, बिड्या विझवल्या, विळे खाली ठेवले. दोन वर्षं घसा कोरडा करून दारोग्याला हे दोन माणसांकडून करून घेता आलं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

“ये तुमकू कौन सिखाया?”

“देवीचा हुकूम हाय,” तात्याबा म्हणाला, आणि सगळं सविस्तर सांगितलं. तपकिरीसकट.

दारोग्यानं म्हाळूला रावटीत बोलावलं. गाव पाठोपाठ आत आलं. मेजावर छापील कागद होता, आणि त्याच्या शेजारी दारोग्याचा तीन बोटांचा हात.

“क्यों बे म्हाळू. गाड़ी गांव में रुकी?”

“रुकी, साहेब. आडवे पडले हुते.”

“वो माफ. मगर सातवां. पेटी में क्या है, सच बोलना. तू बोला देवी है?”

“त्यो कुठं बोलला?” तात्याबा मधेच म्हणाला. “त्यो तर बारूद बारूदच म्हनत हुता, लबाड लेकाचा. देवी सोता बोलली.”

दारोग्यानं दाढी खाजवली. कागद उलटा केला, सुलटा केला. “एकच बात बोल. देवी आई थी, कि तू झूट बोला? झूट बोला तो बिल्ला इधर रख, तेरा काम खतम. सच्ची देवी आई थी, तो...” त्यानं पुन्हा कागद उलटा केला. “तो देवी के बारे में इसमें कुछ लिखेला नहीं. बिल्ला तेरा. बारा खेप पूरी.”

म्हाळूनं सगळ्यांकडं बघितलं. देवी आली होती, एवढं म्हणायचं होतं. त्यानं आयुष्यात म्हटलेल्या गोष्टींपुढं हे काहीच नव्हतं, आणि ऐकणारे आधीच मान हलवत होते. पण समोर तीन बोटांचा हात होता, आणि त्या हातापुढं खोटं बोलवत नव्हतं. आली नव्हती म्हणावं, तर गाव फसलं असं होतं. आणि गाव फसलं, तर घटस्थापनेच्या दिवशी देवीपुढचा दिवा तोंडानं विझवणारी बाई कडूबाई ठरत होती, कुणाच्याही हुकमाविना. ती दाराशी उभी होती. भामाबाई तिच्याकडंच बघत होती.

म्हाळूनं तोंड उघडलं. गाव पुढं झुकलं, सिदूसुद्धा झुकला. डावी भुवई अर्धी चढली, तिथंच थबकली, आणि हळूहळू खाली आली. तोंड मिटलं.

त्यानं गळ्यातला बिल्ला काढला. बारूदची पेटी ठेवावी तसा, आवाज होऊ न देता, तो मेजावर त्या तीन बोटांशेजारी ठेवला. दारोग्यानं मान खाली घातली. गावाला वाटलं, देवी पुन्हा त्याच्या अंगात आली आहे आणि ह्या वेळी बोलायचं नाही म्हणते आहे. तात्याबानं हात जोडले. कडूबाईनं गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि दारातून थोडी बाजूला झाली.

म्हाळू तिच्या शेजारून, एक शब्दही न बोलता, अनवाणी बाहेर पडला.